घरून निघालेले, कुठेच न पोहोचलेले मासे

खराडी

लक्षद्वीपला कुणाला पाठवायचं हे आमच्या कंपनीत एका मीटिंगमध्ये ठरलं. त्या मीटिंगला मी सोडून सगळे होते, म्हणून मला पाठवायचं ठरलं.

कंपनी मिलिंद सरांची. त्यांना मालक म्हटलेलं चालत नाही. अमेरिकेतून परत आल्यापासून ते आम्हाला फॅमिली म्हणतात. फॅमिलीतल्या प्रत्येकाला दिवाळीत कंपनीचं नाव छापलेली पाण्याची बाटली मिळते. आम्ही समुद्राखाली ठेवायची यंत्रं बनवतो. खराडीतल्या एका काचेच्या इमारतीत, अगदी वरच्या मजल्यावर, जिथे टँकर आला नाही तर हात धुवायलाही पाणी नसतं. ही यंत्रं तपासणं हे माझं काम. मी प्रज्ञा. बिबवेवाडीत राहते, बस बदलून खराडीला जाते, आणि तोवर समुद्र मी फक्त अलिबागला पाहिला होता, तोही घोट्यापर्यंत.

यंत्र कसं चालतं ते आधी सांगते. माशाच्या पोटात पेनाच्या टोपणाएवढा टॅग शिवून बसवायचा. तो थोड्या थोड्या वेळाने ठरावीक तालात टकटक करतो, आणि तो ताल म्हणजेच त्या माशाचा नंबर. माणसाच्या कानाला ही टकटक ऐकू येत नाही. समुद्राच्या तळाशी बांधून ठेवलेल्या रिसीव्हरला येते. कुठला मासा कधी जवळून गेला ते रिसीव्हर साठवून ठेवतो. टोलनाकाच समजा, फक्त इथे कुणी काच खाली करून वाद घालत नाही.

आमचे रिसीव्हर डॉ. केतकी नावाच्या बाईंनी घेतले होते. मूळच्या सदाशिव पेठेतल्या, आता वर्षातला निम्मा काळ लक्षद्वीपच्या एका लहान बेटावर गोब्रा नावाच्या माशाचा अभ्यास करतात. गोब्रा मोठा, जाड ओठांचा, एकलकोंडा मासा. वर्षभर प्रवाळातल्या आपापल्या कपारीत बसून असतो आणि शेजाऱ्याशी संबंध ठेवत नाही. पण वर्षातून ठरावीक अमावास्यांना सगळे गोब्रे आपापल्या कपारी सोडून लांब पोहत जातात आणि एकाच जागी जमून अंडी घालतात. केतकीबाईंची तक्रार अशी की मासे घरून निघाल्याची नोंद आमच्या यंत्रांत होती, पण जमण्याच्या जागी पोहोचल्याची एकही नोंद नव्हती.

मिलिंद सर म्हणाले, ही यूजर एरर आहे. मी तिथे जावं, मॅडमना शांत करावं आणि डिव्हाइस ओके आहे असं त्यांच्याकडून लिहून आणावं. परदेशातली एक मोठी पार्टी आपली यंत्रं घेण्याच्या विचारात आहे, अशा वेळी तक्रार बरी दिसत नाही. मी विचारलं, यंत्र खरंच बिघडलेलं असलं तर? त्यावर ते हसले. हसून विषय संपवण्याचं प्रशिक्षण त्यांना अमेरिकेत मिळालेलं आहे.

जहाज

कोचीपर्यंतच्या रेल्वेबद्दल काही सांगण्यासारखं नाही. कोचीच्या बंदरावर मात्र माझी पेटी अडवली. पेटीत तपासणीचे टॅग, एक पाण्यात सोडायचा माईक आणि टॅगची टकटक माणसाला ऐकू येईल अशी करून देणारा हेडफोन होता. पेटीवर आमच्या मार्केटिंगवाल्यांनी मोठ्या अक्षरांत ‘डीप स्ट्राइक’ असं छापलं होतं. ते यंत्राचं नाव आहे. मासे मोजायच्या यंत्राला असं नाव का द्यावं, हे त्यांना मी पूर्वी विचारलं होतं. बंदरावरच्या जवानाने मला तेच विचारलं. शेवटी मी त्याला टॅग दाखवला, हेडफोन कानाला लावायला दिला आणि टकटक ऐकवली. त्याने ती बरीच ऐकली, साहेबाला बोलावून ऐकवली, आणि दोघांनी मिळून ठरवलं की एवढ्या आवाजाने काही उडणार नाही.

जहाजावर सगळ्यांनी चढल्या चढल्या चटया पसरल्या, डबे उघडले आणि एकमेकांच्या घरची चौकशी सुरू केली. माझ्या शेजारी एक बाई प्रेशर कुकर मांडीवर घेऊन बसल्या होत्या. बेटावर कुकर महाग मिळतो म्हणे. त्यांनी मला न विचारता केळ्याचे काप दिले. मी पुण्याची, न विचारता काही मिळालं की आधी मनात शंका येते. मग खाल्ले. चांगले होते.

बेट

बेट एवढं लहान की सकाळी फिरायला निघालं की आपणच आपल्याला पुन्हा भेटायची भीती. नारळ, पांढरी वाळू, आणि मधल्या उथळ पाण्याचा असा निळा रंग, की फोटो काढला तर घरचे म्हणतील तू रंग वाढवलास. मी फोटो काढला नाही.

केतकीबाई धक्क्यावर आल्या होत्या. उन्हाने रापलेल्या, केस मिठाने राठ झालेले, आवाज मात्र सदाशिव पेठेतला जसाच्या तसा. पहिला प्रश्न आला, “आडनाव काय आपलं?” मी सांगितलं. त्या म्हणाल्या, “अच्छा.” या ‘अच्छा’मध्ये मी लहानाची मोठी झाले आहे, त्याचे सगळे अर्थ मला पाठ आहेत. मीही विचारलं, “आपण मासे खाता का?” त्या म्हणाल्या, “नाही, आमच्याकडे चालत नाही.” मीही म्हणाले, “अच्छा.” फिट्टंफाट झाली.

आमची राहायची सोय सफिया नावाच्या बाईंकडे होती. जेवायला भात, नारळ घातलेली ट्युनाची आमटी आणि वाळवलेल्या ट्युनाचा खोबऱ्यात परतलेला चुरा. तो चुरा मी ताटात तीनदा घेतला. समोर केतकीबाई गरम भातावर पुण्याहून आणलेलं मेतकूट आणि तूप घेऊन बसल्या होत्या. जन्मभर माशांच्या मागे, आणि ताटात मेतकूट. सफियाने मला हिंदीत हळूच विचारलं, यांना कसला आजार आहे का. मी म्हटलं, आहे, पण जुना आहे.

दुसऱ्या दिवशी केतकीबाईंनी एका गोब्र्याला टॅग कसा बसवतात ते मला दाखवलं. समुद्राच्या पाण्याने भरलेल्या पन्हाळीत मासा उताणा ठेवला. उताणा ठेवला की तो शांत होतो. कल्ल्यांवरून पाणी फिरतं ठेवलं, पोटाला लहानशी चीर दिली, टॅग आत सरकवला आणि दोन टाके घातले. बाईंचा हात एकदाही थरथरला नाही. एरवी माझ्याशी तुटक बोलणाऱ्या या बाई त्या माशाला मात्र “झालं हं, झालं” म्हणत होत्या. मग त्याला पाण्यात धरून ठेवलं. तो स्वतःहून सुटून गेला तेव्हा त्यांनी हात धुतले आणि पुन्हा तुटक झाल्या.

होडीवाला हमजा हा त्यांचा बुड्या मारतानाचा जोडीदारही होता. बोलका आणि आळशी. मासे का दिसत नाहीत याची त्याच्याकडे रोज नवी उपपत्ती असायची: पाणी गरम झालं, बोटी वाढल्या, मॅडम चुकीचा दिवस धरतात. एक दिवस दोघं मिळून जमण्याच्या जागेवरचा रिसीव्हर काढायला खाली गेले आणि होडी माझ्या ताब्यात दिली. मला होडीतलं काही कळत नाही हे दोघांनाही माहीत होतं. मी दोर घट्ट धरून बसले. दोर कशालाच बांधलेला नव्हता, हे ते वर आल्यावर कळलं.

वर आल्या आल्या केतकीबाई म्हणाल्या, “खाली गर्दी आहे. आपले टाके पडलेले मासे मी स्वतः पाहिले.”

मी रिसीव्हर लॅपटॉपला जोडला. नोंदी शून्य.

त्यांनी डोळ्यांवरचा मास्क काढून होडीत टाकला. “मला भास होतात असं लिहून द्या तुमच्या कंपनीला,” म्हणाल्या.

कासिमचा चहा

प्रश्न फक्त बाईंच्या अभ्यासाचा असता तर मी गप्प बसले असते. पण बेटावरच्या कोळ्यांनी काही वर्षांपूर्वी आपापसांत ठरवलं होतं, की त्या अमावास्यांना त्या जागी गळ टाकायचा नाही. एकलकोंडे मासे एका जागी जमतात म्हणजे एका होडीत मावतात. दोन-तीन अमावास्या मनसोक्त मासेमारी केली, की आसपासच्या सगळ्या कपारी कायमच्या रिकाम्या. आता ही बंदी चालू ठेवायची की नाही, ते सभा घेऊन ठरवायला मुख्य भूमीवरून एक अधिकारी आले होते. ते म्हणाले, डॉक्टरबाईंनी काय पाहिलं हा पुरावा नव्हे. यंत्र काय म्हणतं ते दाखवा. या गृहस्थांनी आयुष्यात एकदाही पाण्याखाली डोकं घातलेलं नव्हतं, पण यंत्रावर त्यांची श्रद्धा होती. आमची यंत्रं बनताना त्यांनी पाहिली नव्हती, म्हणून ती श्रद्धा टिकून होती.

बंदी उठावी असं म्हणणाऱ्यांचा पुढारी कासिम. त्याच्या चार-पाच होड्या होत्या आणि त्याचा मासा कोचीच्या व्यापाऱ्याकडे जायचा. त्याने मला घरी चहाला बोलावलं, खुर्ची पुसून दिली, मुलीची शाळेतली बक्षिसं दाखवली. मग अगदी सौम्यपणे म्हणाला, की तुमचंच यंत्र सांगतंय गोब्रे जमायला येत नाहीत, मग आमच्या पोरांनी बाकी माशांची चांगली जागा सोडून का बसावं? दुष्ट माणूस असता तर सोपं गेलं असतं. त्याचं म्हणणं बरोबर होतं. चूक आमच्याकडची होती आणि ती मला सापडत नव्हती.

अमावास्येच्या अलीकडे

सभेच्या आदल्या दिवशी सकाळी मी माईक घेऊन हमजाच्या होडीत बसले. केतकीबाई म्हणाल्या, आता कशाला. पण आल्या.

आधी बेटाजवळच्या एका कपारीवर माईक सोडला. कपारीतला गोब्रा अजून निघाला नव्हता. हेडफोनमध्ये त्याची टकटक स्वच्छ आली, मग शांतता, मग पुन्हा टकटक. एक मासा, एक ताल. रिसीव्हरनेही त्याचा नंबर बरोबर दाखवला. इथपर्यंत ठीक.

मग जमण्याच्या जागी गेलो. माईक खाली सोडला, हेडफोन लावला, आणि तो काढून पुन्हा लावला. आत नुसता कालवा होता. टकटकीवर टकटक, तालावर ताल, एकाचा शब्द संपायच्या आत तिघांचा सुरू. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत असं होतं. सगळे एकदम बोलतात, आणि इतिवृत्तात ‘चर्चा झाली नाही’ एवढंच येतं.

तेव्हा मला कळलं. मासे येत होते. एवढे येत होते की त्यांचे ताल एकमेकांत मिसळून जात होते, आणि जो ताल पुरता जुळत नाही तो समुद्राचा आवाज समजून टाकून द्यायचा, असं आमच्या यंत्राला शिकवलेलं होतं. गर्दीतून एखादा ताल एकदाच पुरता जुळला आणि लगेच पुन्हा आला नाही, तर तोही चुकीचा समजून खोडायचा. खराडीत आम्ही हे कधी पाहिलंच नव्हतं. आमची चाचणी पुण्याजवळ मांजरी गावात सरांच्या मेव्हण्याच्या उसाशेजारच्या शेततळ्यात झाली होती, दोन टॅग दोरीला बांधून. जास्त टॅग लावून बघू, असं मी म्हटलं होतं. सर म्हणाले होते, ओव्हरथिंक करू नकोस.

मी तो कालवा लॅपटॉपवर रेकॉर्ड करून घेतला आणि हेडफोन केतकीबाईंना दिला. त्यांनी ऐकलं. डोळे मिटले. सगळा राग एकदम उतरल्यावर माणूस कसा दिसतो ते मी तेव्हा पाहिलं. मग हेडफोन काढत म्हणाल्या, “म्हणजे जेवढे जास्त येतील, तेवढं तुमचं यंत्र कमी सांगणार.”

“हो.”

“किती हुशार लोक आहात तुम्ही.”

मला वाईट वाटलं नाही. मीही अगदी हेच म्हणाले असते.

दुपारी शाळेजवळ जाऊन मी सरांना फोन केला. बेटावर रेंज तिथेच येते. सगळं सांगितलं. ते म्हणाले, “प्रज्ञा, हे आपल्यात ठेव. फॅमिलीतलं बाहेर जात नाही. उद्या विचारलं तर डिव्हाइस ओके आहे एवढंच सांग. पुढच्या व्हर्जनला फिक्स करू.”

“तोवर मासे उरणार नाहीत, सर.”

“मासे आपले क्लायंट नाहीत.”

फोन ठेवला. माझ्या नोकरीवर घराचा हप्ता आहे आणि मुलीचं कॉलेज आहे. संध्याकाळी चुरा समोर आला, मी नुसता भात घेतला. सफियाने विचारलं, तुलाही तोच आजार झाला का.

शाळेतली सभा

सभा शाळेच्या वर्गात, लहान मुलांच्या बाकांवर. अधिकाऱ्यांचे गुडघे बाकात मावत नव्हते, तरी त्यांनी मान राखून बसायचा प्रयत्न केला. कासिमने आपलं म्हणणं मांडलं. केतकीबाईंनी त्यांचं. मग अधिकारी माझ्याकडे वळले आणि विचारलं, यंत्र बरोबर आहे की नाही.

मी माझ्या पुणेरी हिंदीत सांगितलं, की यंत्र आमच्या कंपनीचं आहे आणि ते गर्दीत बहिरं होतं. मासे तिथे आहेत. आम्ही यंत्र नीट तपासलं नव्हतं. हे कंपनी सांगणार नाही, म्हणून मी सांगते आहे.

अधिकाऱ्यांनी विचारलं, हे लेखी द्याल का. दिलं. खाली सही केली आणि कंपनीचं नावही लिहिलं.

मग मी म्हटलं, विश्वास नसेल तर होडीत चला, ऐका. अधिकारी आले, कासिम आला. अधिकाऱ्यांनी क्षणभर ऐकून मान डोलावली. कासिमने हेडफोन बराच वेळ काढला नाही. तो हसत होता. जन्मभर ज्याच्या मागे धावलो ते पायाखाली बोलताना ऐकू आलं तर कुणीही हसेल. पण त्या हसण्यात हिशेबही होता. केतकीबाईंनी तो पाहिला आणि मीही पाहिला. मासे आहेत याचा पुरावा बंदीसाठी जेवढा चांगला, तेवढाच गळासाठी.

बंदी पुढच्या वर्षापर्यंत वाढली. कासिम म्हणाला, सगळ्यांनी पाळली तर मीही पाळेन. असं म्हणणारे पुण्यातही सिग्नलवर भरपूर भेटतात. पण त्या अमावास्येला त्याच्या होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या होत्या, हे मी स्वतः पाहिलं.

निघताना केतकीबाई धक्क्यापर्यंत आल्या. “आभार मानत नाही, उशिरा आलात,” म्हणाल्या. आणि पिशवीतून मेतकुटाची पुडी काढून माझ्या हातात कोंबली. “जहाजावर भात बरा असतो. वर घ्या.”

पुन्हा खराडी

मला काढून टाकतील असं वाटलं होतं. तसं झालं नाही. आमच्या फॅमिलीची रीत निराळी आहे. माझी बदली माहितीपुस्तिका लिहिण्यावर झाली. माझं टेबल मागच्या जिन्याजवळ गेलं, आणि माझ्या लेखी कबुलीबद्दल कुणी एक अक्षर बोललं नाही. महिनाभराने मात्र यंत्राच्या नव्या व्हर्जनची घोषणा झाली. मिसळलेले ताल सुटे करणारी ती दुरुस्ती होती, आणि तिचं नाव ‘क्राउड मोड’. ही कल्पना सरांना समुद्रकिनारी ध्यान करताना सुचली, असं कंपनीच्या वेबसाइटवर आहे. सर त्या वर्षी समुद्राला गेले नव्हते.

मग परदेशातली ती मोठी पार्टी आली. सूट घातलेली तीन माणसं. चहाच्या वेळी त्यांच्यातल्या एकाशी बोलताना मला कळलं, की ही मंडळी मोठ्या मासेमारी जहाजांना मासे शोधायची यंत्रं विकतात. थोड्या माशांना टॅग लावला की सगळे कुठे जमतात ते ऐकून शोधता येतं, हे त्यांना फार आवडलं होतं. सर मीटिंगरूममध्ये त्यांना गोब्र्यांच्या कालव्याचं माझं रेकॉर्डिंग ऐकवत होते. जिन्याजवळून मला बोलावून घेतलं, कारण प्रश्न विचारला तर उत्तर देणारं कुणी हवं होतं.

पाहुण्यांनी एकच प्रश्न विचारला. हे नेमकं कुठे ऐकू आलं?

सरांना माहीत नव्हतं. रिसीव्हर कुठे बांधायचे ते केतकीबाई ठरवत, आणि कंपनीला त्यांनी कधी कळवलं नव्हतं. भिंतीवर अरबी समुद्राचा मोठा नकाशा उघडला. त्यात समुद्राची खोली रंगांत दाखवलेली. सर माझ्याकडे वळून प्रेमाने म्हणाले, “प्रज्ञा, तू होतीस ना तिथे. दाखव जरा.”

त्यांनी हातातला लेझर पॉइंटर मला दिला.

मी नकाशा नीट पाहिला. प्रत्येक बेटाभोवती फिकट निळ्याची एक बारीक किनार होती. त्या किनारीपासून पुष्कळ लांब, गडद निळ्यात, जिथे प्रवाळ नाही, कपार नाही, आणि सूर्य कधी पोहोचत नाही, तिथे मी लाल ठिपका धरला.

“इथे,” मी म्हणाले.

तिघांनी त्या जागेचे अक्षांश-रेखांश टिपून घेतले. सरांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या. मी पॉइंटर बंद केला, त्यांच्यासमोर टेबलावर ठेवला, आणि माहितीपुस्तिका पुरी करायला जिन्याजवळ जाऊन बसले.